गैरहजर मुलींचे गणित

मी पीएच.डी. करते आहे असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कुणावर करताय?" उर्दू शाळेतली बाई म्हटल्यावर ती गालिबवर करत असेल, इक्बालवर करत असेल, फार तर इस्मत चुगताईंवर करत असेल, अशी लोकांची समजूत असते. मी म्हणते, कुणावर नाही, विषय शिक्षणशास्त्राचा आहे, पण काम सगळे संख्याशास्त्राचे आहे. मग समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि चहाकडे वळतो. आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी मात्र विषय सोडला नाही. ते म्हणाले, "बेटी, गिनती से क्या होता? कौम को तो सब पहलेच गिन चुके."

त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. मार्च २००५ मध्ये न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती नेमली गेली, नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला आणि तेव्हापासून आपल्याविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी टक्केवारी आली. ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा मधेच गळाली, हा आकडा त्याच अहवालातला. मदरशात शिकणारी मुले जेमतेम ३ ते ४ टक्के, हाही त्यातलाच. हा दुसरा आकडा मी स्वतः कितीतरी जणांना ऐकवला आहे, कारण उर्दू शाळा म्हणजे मदरसा असे समजणारी चांगली शिकलेली माणसे आजही भेटतात. पण आकडा ऐकवणे वेगळे आणि तो कसा तयार होतो हे समजून घेणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीसाठी मी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, दोन मुले पदरात असताना, पुन्हा विद्यार्थिनी झाले.

आमचे गाव मराठवाड्यातले, तालुक्याचे. दहावीपर्यंत मी उर्दूतून शिकले, बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतले, बी.एड. केले आणि त्याच गावातल्या उर्दू हायस्कूलमध्ये रियाजी, म्हणजे गणित, शिकवायला लागले. नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात एम.ए. केले. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा दिली, संस्थेचे ना-हरकत पत्र मिळवले, कोर्सवर्क पूर्ण केले. या वाटेवर तीन भाषा सतत आडव्या आल्या. जे शाळेत 'मुतगय्यर' होते ते मराठी पुस्तकात 'चल' झाले आणि गाईडच्या तोंडी 'व्हेरिएबल'. वर्गात 'औसत', दप्तरात 'सरासरी', प्रबंधात 'मीन'. गंमत अशी की मराठीतला 'सरासरी' हा शब्दही फारसीतून आलेला, आणि 'खानेसुमारी'ही. मोजण्याचे शब्द तरी आपण एकमेकांना मोकळ्या मनाने दिले आहेत!

आता मूळ गोष्टीकडे येते. दहावीचा निकाल लागला की आमच्या शाळेच्या फाटकावर फलक लागतो. निकाल चांगला असतो, बहुतेक वर्षी नव्वदीच्या वर. पेढे वाटले जातात, स्थानिक उर्दू अखबारात फोटो येतो. मला त्या फलकाचा आनंद होतो, खोटे कशाला बोलू. त्यात माझ्या विषयाचाही वाटा आहे. पण मी आठवीलाही शिकवते आणि दहावीलाही. आठवीत मुलींच्या दोन तुकड्या भरतात. दहावीत एकच उरते, तीही पुरती भरत नाही. फलकावरची टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची असते. ज्या बसल्याच नाहीत त्या नापास नाहीत, पास नाहीत, त्या कुठेच नाहीत. उलट असे म्हणता येईल की जितक्या कमकुवत मुली आधी गळतील तितका फलक जास्त चमकेल.

कोर्सवर्कमध्ये सरांनी अब्राहम वाल्डची गोष्ट सांगितली तेव्हा मला हा फलकच दिसला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रज्ञांच्या गटात वाल्ड काम करत होता. प्रश्न असा होता की लढाईवरून परत आलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे कुठे आहेत ते बघून विमान कुठे मजबूत करावे? साधा माणूस म्हणेल, जिथे भोके जास्त तिथे पत्रा जाड करा. वाल्डच्या गणिताचा रोख वेगळा होता. ही परत आलेली विमाने आहेत. त्या जागी गोळी लागूनही ती परत आली. ज्यांना दुसऱ्या जागी लागली ती आपल्यासमोर नाहीतच. तेव्हा जिथे भोके दिसत नाहीत तिथे बघा.

या वाल्डविषयी मी पुढे आणखी वाचले. १९०२ चा जन्म, त्या वेळच्या हंगेरीतल्या एका धार्मिक ज्यू घरातला. तिथल्या शाळा शनिवारीही भरत आणि शनिवार हा ज्यूंचा पवित्र दिवस, म्हणून हा मुलगा शाळेत जाऊ शकला नाही. आईवडिलांनी त्याला घरीच शिकवले. म्हणजे पुढे ज्याने न दिसणाऱ्यांचे गणित मांडले, त्याचे लहानपणी कोणत्याच हजेरीपटावर नाव नव्हते. १९३८ साली नाझींमुळे त्याला ऑस्ट्रिया सोडावा लागला. १९५० च्या डिसेंबरात तो व्याख्यानांसाठी भारतात आला होता, आणि निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून तो आणि त्याची बायको दोघेही गेले. विमानांचे गणित करणारा माणूस विमानात गेला, आणि तेही आपल्या देशात. स्टाफरूममध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या उर्दूच्या सरांनी लगेच "इन्ना लिल्लाहि" म्हटले.

पुढे जेम्स हेकमन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने हाच प्रश्न समाजशास्त्रात आणला. बायकांना किती मजुरी मिळते हे मोजायचे तर फक्त काम करणाऱ्या बायकांचीच मजुरी आपल्याला दिसते. ज्या घरी राहिल्या त्या उगाच राहिल्या नाहीत. कमी मजुरी मिळणार होती म्हणूनही राहिल्या असतील. मग दिसणाऱ्यांची सरासरी सगळ्यांची म्हणून कशी चालेल? १९७९ साली त्याने यावर एक पद्धत मांडली: आधी 'कोण दिसते' याचे समीकरण करा, मग 'जे दिसते ते किती' याचे. २००० साली त्याला नोबेल मिळाले. या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली आहे, ती मी आता सांगत बसत नाही. माझ्यासाठी महत्त्वाचे हे की 'गैरहजर' हाही संशोधनाचा विषय असतो, नुसता लाल शाईचा शेरा नसतो.

हजेरीचे गणित शिक्षकाला कुणी शिकवावे लागत नाही. डोनाल्ड रुबिनने १९७६ साली न मिळालेल्या माहितीचे तीन प्रकार केले आणि आज जगभरच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ते पाठ करावे लागतात. मी ते वाचताना म्हटले, अरे, हे तर माझ्या वर्गातले! ओढ्याला पाणी आले म्हणून पलीकडच्या वस्तीवरची चार मुले आली नाहीत. हुशारही त्यात, ढही त्यात. अशी गैरहजेरी कुणाची बाजू घेत नाही. बाजाराच्या दिवशी येत नाहीत ती मुले भाजीवाल्यांची आणि बांगडीवाल्यांची. इथे गैरहजेरी बाजू घेते, पण बापाचा धंदा माझ्या रजिस्टरात आहे, म्हणून मी तिचा हिशेब लावू शकते. तिसरा प्रकार अवघड. चाचणीत मार्क कमी पडणार हे ज्या मुलीला ठाऊक आहे ती चाचणीच्या दिवशीच पोट दुखते म्हणते. जे मोजायचे तेच गैरहजेरीचे कारण! तिचे मार्क माझ्याकडे नाहीत, आणि का नाहीत याचे उत्तर त्या न मिळालेल्या मार्कांतच आहे. संगणक इथे हात टेकतो. त्याला बाहेरून कुणीतरी सांगावे लागते की ही मुलगी का आली नाही. ते सांगणारा माणूस शाळेतच असतो, पण संशोधनाच्या टेबलावर त्याला सहसा कुणी बोलवत नाही.

दुसरी गोष्ट मी इंग्लंडच्या एका जुन्या वादातून शिकले. १९७६ साली नेव्हिल बेनेट नावाच्या संशोधकाने प्राथमिक शाळांतल्या ३७ शिक्षकांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निष्कर्ष असा की शिस्तीच्या, पारंपरिक पद्धतीने शिकवणाऱ्यांची मुले मोकळ्या पद्धतीच्या वर्गांतल्या मुलांपेक्षा पुढे जातात. वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, राजकारण्यांनीही. पाच वर्षांनी, १९८१ मध्ये, मरे एटकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच माहिती पुन्हा तपासली आणि तो ठाम फरक टिकला नाही. कारण काय? बेनेटने प्रत्येक मूल सुटे धरले होते. पण एका वर्गातली मुले सुटी नसतात. त्यांना एकच बाई शिकवते, एकच गळके छप्पर असते, एकाच खोडकर मुलाचा त्रास असतो. ती हळूहळू एकमेकांसारखी होतात. तपासायचे होते शिक्षक, आणि ते होते फक्त ३७. मला सर्वांत आवडले ते हे की फेरतपासणीच्या एका लेखात खुद्द बेनेटचेही नाव सहलेखक म्हणून आहे. आपल्याकडे असे किती वेळा घडते ते वाचकांनीच आठवून पाहावे.

याचा हिशेब मी घरी कागदावर केला. समजा दहा वर्गांतून चाळीस-चाळीस अशी चारशे मुले घेतली, आणि वर्गातल्या मुलांचे एकमेकांशी साम्य ०.२ इतके धरले. सूत्र सोपे आहे: चाळीसमधून एक वजा, गुणिले ०.२, अधिक एक. उत्तर ८.८. चारशेला ८.८ ने भागा. वर्गाची सरासरी काढायच्या कामाला ती चारशे मुले साधारण ४५ सुट्या मुलांएवढाच पुरावा देतात. चारशे फॉर्म भरून घेण्यासाठी घासलेल्या चपला तेवढ्याच, पुरावा मात्र ४५ मुलांचा! 'मल्टीलेव्हल मॉडेल' नावाची जी पद्धत मी वापरते आहे ती याच दुखण्यावरचे औषध आहे. तीत मूल, वर्ग, शाळा, गाव अशा पायऱ्या वेगवेगळ्या धरतात आणि कोणत्या पायरीवर किती फरक पडतो ते पाहतात. लंडनच्या हार्वे गोल्डस्टीन यांनी ही पद्धत शिक्षणाच्या अभ्यासात रुजवली. २०२० साली कोविडमध्ये ते गेले.

पायऱ्या न बघता बोलले की काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि महाराष्ट्रातल्या मुसलमानांची ७८.१ टक्के. या आकड्यांवरून मी दोन भाषणे ऐकली आहेत. एका वक्त्याने सांगितले, बघा, तुम्ही पुढे आहात, उगाच रडू नका. दुसऱ्याने आकडाच खोटा ठरवला. आकडा खरा आहे. पण आपल्या राज्यात सुमारे ७० टक्के मुसलमान शहरात राहतात आणि शहरात सगळ्यांचीच साक्षरता जास्त असते. शहरातल्यांची तुलना शहरातल्यांशी केली की चित्र उलटते. शिवाय साक्षर म्हणजे फक्त लिहिता-वाचता येणारा. दहावीच्या पुढे किती जण गेले हे त्यात येत नाही. पहिल्या वक्त्याला आनंद नको व्हायला होता आणि दुसऱ्याला राग.

माझ्या प्रबंधाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर, खेड्यातल्या उर्दू शाळेतली मुलगी शाळा कधी सोडते आणि कशामुळे. 'कधी' हा शब्द महत्त्वाचा. आमच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी आमच्या हायस्कूलला यावे लागते. मी पाच गावांच्या शाळांची आणि आमची जुनी जनरल रजिस्टरे घेतली, परवानग्या घेतल्या, मुलींची नावे काढून क्रमांक दिले आणि प्रत्येक मुलीची वर्षागणिक एक ओळ तयार केली. पहिलीत होती, दुसरीत होती, असे करत ती जिथे थांबते तिथे खूण. आयुष्यमानाच्या अभ्यासातून आलेली ही पद्धत आहे. तीत एक सुंदर सोय आहे. माझा अभ्यास संपेल तेव्हा जी मुलगी अजून शाळेत असेल तिला मी 'टिकली' म्हणू शकत नाही, कारण उद्याचे मला ठाऊक नाही. पण तिला वगळायचेही नाही. ती जितकी वर्षे दिसली तितकी वर्षे तिची साक्ष घ्यायची.

आमच्या स्टाफरूममध्ये सर्वांचे ठाम मत होते की मुली दहावीच्या बोर्डाला घाबरून शाळा सोडतात. रजिस्टर तसे म्हणत नाही. निदान माझ्या पाच गावांत सर्वांत मोठी पायरी सातवी आणि आठवीच्या मध्ये आहे, म्हणजे जिथे गावातली शाळा संपते आणि एसटी सुरू होते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मिळतो, ती योजना चांगलीच आहे. पण पासाने गाडी वेळेवर येत नाही. एका गावची संध्याकाळची गाडी शाळा सुटण्याआधी निघते आणि पुढची अंधार पडल्यावर. त्या गावच्या मुली जास्त गळतात, बाप शिकलेला असला तरी. आपण सगळे बोट दाखवतो बापाकडे, मौलवींकडे, लग्नाच्या वयाकडे. ती कारणे नाहीत असे मी म्हणत नाही. पण गावाच्या पायरीवर इतके काही घडते आहे हे मला समीकरणाने दाखवले. अर्थात पाच गावे म्हणजे फार थोडी. बेनेटच्या ३७ शिक्षकांची गोष्ट सांगून झाल्यावर हे मीच बोललेले बरे.

जनरल रजिस्टरात एक रकाना असतो: शाळा सोडण्याचे कारण. त्यात बहुतेक ठिकाणी एकच मजकूर: 'पालकांच्या विनंतीवरून'. या दोन शब्दांत लग्न आहे, ऊसतोड आहे, आईचे आजारपण आहे, गावात झालेली कुजबुज आहे. आणि नुसते वाईटच आहे असेही नाही. अशाच शेऱ्याच्या एका मुलीचा मी पत्ता काढला तर ती मामाकडे जाऊन मराठी माध्यमातून बारावी सायन्स पास झाली होती आणि नर्सिंगला होती. मला बघून म्हणाली, "मिस, आप मेरेको गिनने आये?" आमच्या हिशेबात ती गळालेली होती. त्याच पानावर तिच्या खालच्या ओळीतली मुलगी तिच्याच वयाची, तिला तिसरे मूल झाले होते आणि तिने दारातूनच बोलणे उरकले.

मोजणाऱ्याच्या जागीही मी उभी राहिले आहे. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर शाळाबाह्य मुलांचे एका दिवसात सर्वेक्षण झाले तेव्हा मी नोकरीत नवी होते. रमजान चालू होता, उन्हे कडक होती, रोजा ठेवून मी आणि एक सहकारी बाई घरोघर फिरलो. एका घरात दार उघडणारी मुलगी कडेवर भावाला घेऊन उभी होती. हुशार डोळ्यांची. मी वय विचारले, आई म्हणाली पंधरा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. फॉर्ममध्ये तिच्यासाठी रकाना नव्हता. नियमाप्रमाणे त्या घरात शाळाबाह्य मूल निरंक. संध्याकाळी फॉर्म जमा झाले, वर बेरजा झाल्या, बातम्या आल्या. माझ्या प्रबंधाची सुरुवात कुठून झाली असे कुणी विचारले तर मी त्या 'निरंक'चे नाव सांगते. २०११ नंतरची जनगणना लांबत गेली, आता तिच्यासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. घरोघर पुन्हा आम्हा शिक्षकांनाच जावे लागणार. या खेपेला मी प्रत्येक रकाना दोनदा वाचीन, एवढे नक्की.

ही वाट सोपी आहे असे कुणाला वाटू नये. गणिताची भीती एकवेळ जाते. 'आर' नावाची संगणकप्रणाली ऑकलंड विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी १९९० च्या दशकात तयार केली, ती फुकट मिळते. भारतभरच्या ४१ हजारांहून जास्त कुटुंबांचे २००४-०५ मध्ये झालेले आणि त्यांतल्या बहुतेकांकडे २०११-१२ मध्ये पुन्हा गेलेले मानव विकास सर्वेक्षण कुणालाही घरबसल्या उतरवून घेता येते. माझ्या पाच गावांचे चित्र मी त्याच्या शेजारी ठेवून बघते. रात्री मुले झोपल्यावर मी बसते. सासूबाई तहज्जुदला उठतात आणि दिवा बघून विचारतात, "क्या गे, अब तक गिनती खतम नईं हुई?" आणि माझ्यासाठी चहा ठेवतात. त्यांच्या या चहाचा उल्लेख प्रबंधाच्या ऋणनिर्देशात करायचा आहे. नवऱ्याने एक वर्ष मोटारसायकलवर गावोगाव नेले, ते तर आहेच.

खरी अडचण माणसांची आहे. संस्थेतल्या एका जबाबदार व्यक्तीने मला बोलावून शांतपणे सांगितले, "मॅडम, पीएच.डी. करा, जरूर करा. पण गळालेल्या मुलींची यादी बाहेर गेली तर पट कमी दिसेल. संचमान्यतेत तुकडी गेली तर दोन शिक्षक अतिरिक्त होतील. तुमचेच सहकारी." त्यांना मी वाईट म्हणणार नाही. ते खरेच बोलत होते. त्या दोघांपैकी एकाच्या घरी मी दर ईदला जाते. शेजारच्या टेबलावरचा माणूस आणि रजिस्टरातून गेलेली मुलगी, यातून निवड करायला कोणतेही समीकरण मदत करत नाही. मी एवढेच केले की प्रबंधात कोणत्याही शाळेचे नाव येणार नाही, गावांनाही क्रमांक राहतील. पण संख्या एकही बदलणार नाही. त्यावर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "देखो, सोच समझ के." ना-हरकत पत्र त्यांनी मागे घेतले नाही. याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

समाजातून दुसरा सूर येतो, अपनीच बदनामी कशाला? मला वाटते आपली मोजणी दुसऱ्यांनी केली म्हणून आपण इतकी वर्षे तक्रार केली. प्रश्न दुसऱ्यांचे, रकाने दुसऱ्यांचे. मग आपल्यातले चार जण हे शास्त्र नीट, शेवटपर्यंत का शिकत नाहीत? उर्दू आणि इस्लामिक अभ्यासात आपल्याकडे डॉक्टर पुष्कळ आहेत, माझ्या मनात त्यांचा आदर आहे. संख्यात्मक पद्धतींकडे मात्र सगळेच पाठ फिरवतात. हे आपल्याच समाजाचे दुखणे नाही. ब्रिटनमध्ये समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आकड्यांचे वावडे म्हणून २०१३ साली 'क्यू-स्टेप' नावाचा १ कोटी ९५ लाख पौंडांचा कार्यक्रम १५ विद्यापीठांत सुरू करावा लागला. आपल्याकडे उलटे झाले. २००९ पासून अल्पसंख्याक संशोधकांना मिळणारी मौलाना आझाद फेलोशिप २०२२ च्या डिसेंबरात बंद झाल्याचे जाहीर झाले. मी पगारदार, मला ती मिळणारही नव्हती. पण माझी एक विद्यार्थिनी एम.एस्सी. संख्याशास्त्र होऊन तिच्या भरवशावर होती. ती आता एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते. रविवारी माझ्याकडे येते आणि माझा कोड तपासून देते. माझ्यापेक्षा तिला जास्त येते.

तिनेच एका रविवारी विचारले की ज्या मुलींचा ठावठिकाणा लागत नाही त्यांचे काय करायचे. पुस्तकात उपाय आहेत. त्यांच्यासारख्या इतर मुलींच्या माहितीवरून त्यांच्या जागी संभाव्य आकडे भरता येतात, एकदा नव्हे तर अनेकदा भरून त्यातली अनिश्चितता राखता येते. रुबिननेच तेही दाखवले आहे आणि परीक्षकांना ते चालते. पण हा उपाय दुसऱ्या प्रकारच्या गैरहजेरीला पुरतो, आणि आमच्या या मुली तिसऱ्या प्रकारातल्या असाव्यात अशी मला शंका आहे. तेव्हा आम्ही दोघींनी यादी पुन्हा वाचायला घेतली. शेवटी चौदा नावे उरली. त्यातल्या चौघी लग्न होऊन भिवंडीला गेल्याचे त्यांच्या मावशीकडून कळले, एकीचा फोन नंबरही मिळाला. बाकी दहा जणींच्या गावात पोस्टमनला विचारायचे ठरले आहे. भिवंडीला दिवाळीच्या सुट्टीत जाईन, ती मुलगीही येते म्हणते.